उलट्या दिशेचं प्रस्थान

परदेशी जायचं ठरलं की शहाणा माणूस आधी पासपोर्ट काढतो. आम्ही दोघांनी आधी भांडण काढलं, आणि तेही नाचणीच्या पिठावरून. माझं म्हणणं, पीठ इथूनच बांधून न्यायचं, तुर्कस्तानात नाचणी कुठली मिळायला? त्याचं म्हणणं, तिकडची माणसं काय वारा खाऊन जगतात? ती खातील ते आपण खाऊ. दोघांत मिळून एका सायकलीला धड टायर नव्हता आणि आमची जुंपली होती तुर्कस्तानच्या भाकरीवरून. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, म्हणतात ते हेच. त्या भांडणापायी आम्ही आठवडाभर बोललो नाही, आणि तो आठवडा मला फार जड गेला.

जड गेला, कारण त्याच्याशिवाय मला बोलायला दुसरं कुणी नव्हतं. मी तेव्हा तिनईघाटच्या लाकूड-डेपोत कारकून होतो. जोयड्याच्या रानातून बैलगाड्यांवर ओंडके यायचे. त्यांच्यावर हातोड्यानं शिक्का मारून घ्यायचा, ते मोजायचे आणि रेल्वेच्या वाघिणीत चढवायचे, एवढंच माझं काम. ओंडके मुंबईला जायचे, काही म्हणे बोटीत बसून विलायतेलाही. मी तिथंच. आईवडील प्लेगात गेले तेव्हा मी लहान होतो. खानापुरात चुलत्यानं वाढवलं आणि मला नोकरी लागल्याबरोबर हात झटकले. लग्नाचं कुणी मनावर घेतलं नाही. घेतलं असतं तरी या रानात पोरगी कोण देतंय? सुपा-जोयड्याच्या रानात पोरगी द्यायची म्हणजे तापाला द्यायची, असं आमच्याकडं सरळ तोंडावर म्हणत. गाड्या सुटल्या, हमाल आपापल्या खोपटांकडं गेले की मी आणि माझी खोली. मी मोठ्यानं बोलायचो. चुलीवरच्या भाताला "झालास काय रे?" म्हणून विचारायचो. हसू नका, एकट्या माणसाला लागते तसली सवय.

तो जगलबेटच्या अलीकडच्या एका वाडीतला. जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबाकडं शिपाई होता. साहेब कायमचा मायदेशी गेला तेव्हा आपली सायकल याला देऊन गेला. वाडीतल्या लोकांनी तिला हळदकुंकू लावलं आणि शेणाच्या गोवऱ्यांशेजारी उभी करून ठेवली. पुढं ती पंक्चर झाली तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं की तिनईघाटच्या कारकुनाकडं ठिगळाचं सामान असतं. व्हय, असायचं. माझ्याकडं बेळगावात घेतलेली एक जुनी सायकल होती. तो एवढ्या लांबून सायकल ढकलत आला, मी ठिगळ लावून दिलं आणि चहा केला. त्यानंतर दर रविवारी त्याची सायकल पंक्चर व्हायला लागली. एकदा बघतो तर चाकात हवा टम्म होती. मी आपला चहा ठेवला.

विलायतेचं खूळ त्याचं. साहेबाच्या बंगल्यात त्यानं चित्रं पाहिली होती, सायकलवर बसून मुलूखच्या मुलूख पार करणाऱ्या माणसांची. एका रविवारी बशीतला चहा फुंकता फुंकता म्हणाला, "आपण जाऊया की." मी म्हटलं, कुठं, लोंढ्याला? तो म्हणाला, "विलायतेला."

खरं सांगतो, मला विलायत बघायची काडीचीही हौस नव्हती. मला त्याच्याबरोबर जायचं होतं. पुढं एक सायकल, मागं एक सायकल, महिनोन्‌महिने, आणि दिवस मावळला की समोर बसून खोड्या काढणारं माणूस. एवढ्यासाठी मी विलायतच काय, पाताळातसुद्धा गेलो असतो. त्याला मी हे कधी सांगितलं नाही. त्याला आपलं वाटायचं, कारकुनालाही जग बघायचंय.

स्टेशनमास्तरांकडून शाळेचा एक नकाशा मागून आणला. कॅसलरॉकवरनं आगगाडीनं मुरगाव, तिथनं आगबोटीनं मुंबई, मुंबईहून बसरा, आणि बसऱ्याला उतरलं की सायकलवर टांग. बगदाद, मग तुर्कस्तान, मग पुढं कायकाय. तो नकाशावर बोट फिरवत जायचा आणि वाटेत डोंगर आला की बोटाचा वेग कमी करायचा. डेपोत एक गाडीवान होता, जर्मन लढाईत मजूर पलटणीतून बसऱ्याला जाऊन आलेला. त्यानं आम्हाला तिकडचे शब्द शिकवले. पाण्याला तिकडं "माय" म्हणतात, हे त्याच्याकडूनच कळलं. मित्राच्या आईला हे सांगितलं तेव्हा तिला एकदम धीर आला. पाण्याला माय म्हणणारी माणसं वाईट नसणार, म्हणाली. तिला मी मावशी म्हणायचो. नवरा लवकर गेलेला, पोटी हा एकच. तिनं त्याला जाऊ नको असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाली असती तर तो राहिला असता, हे तिलाही ठाऊक होतं.

सराव म्हणून आम्ही सायकलच्या मागं वाळूची पोती बांधून ओंडके ओढायच्या वाटेवरनं जायचो. त्या वाटेवर चाकोऱ्या एवढ्या खोल की पाय पायडलवरनं सुटून जमिनीला लागायचा. पडलो, सोलपटलो, पायाला जळवा लागल्या. गाडीवान बैल थांबवून आमची मजा बघायचे.

पासपोर्टचे अर्ज कारवारला गेले आणि घोडं तिथं पेंड खायला लागलं. इकडं मावशीनं भटजीकडून मुहूर्त काढून आणला. ज्येष्ठ संपायच्या आत एक दिवस उत्तम, नंतर चातुर्मास, दिवाळीपर्यंत लांबचा प्रवास नको. कागद नाहीत आणि मुहूर्त तर चाललाय. तेव्हा मावशीनंच तोड काढली. म्हणाली, प्रस्थान ठेवा. ही जुनी रीत आहे. मुहूर्ताच्या वेळी प्रत्यक्ष निघता येत नसेल तर अंगावरचं एक वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं बोचकं बांधायचं आणि ते आपल्या घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. ते ठेवलं की माणूस निघाला. मग देहानं तो सवडीनं निघाला तरी चालतं, जाताना बोचकं उचलून पुढं जायचं. मात्र ते बोचकं पुन्हा आपल्या घरात न्यायचं नाही. प्रवास करून आल्याशिवाय तर नाहीच.

त्यानं आपलं बोचकं माझ्या खोलीत आणून ठेवलं. मी माझं कुठं ठेवणार? या मुलखात मला दुसरं घर होतं कुठं? मी ते त्यांच्या वाडीवर नेलं. मावशीनं दोन्ही हातांनी घेतलं आणि देवाशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. माझा एक धुवट सदरा कुणाच्या तरी देवघरात आहे, या विचारानं परत येताना मी सायकलवर गाणं म्हणत होतो. त्याचं माझ्याकडं, माझं त्याच्याकडं. आम्हाला केवढं झकास वाटलं! कुठली दिशा नि काय, ते विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

प्रस्थान ठेवलेल्या माणसानं आपल्या घरच्या चुलीवरचं जेवायचं नाही, असा मावशीचा दंडक. म्हणून तो माझ्याकडं राहायला आला. पण त्याच दंडकानं मीही माझ्या चुलीवरचं जेवायचं नव्हतं. मग त्यानं पडवीत तीन धोंडे मांडले आणि म्हणाला, ही चूल माझी बी न्हाई आन् तुझी बी न्हाई. सगळा पावसाळा आम्ही त्या बेवारशी चुलीवर शिजवलं. धूर घरभर व्हायचा, भात एकदा कच्चा तर एकदा करपलेला. कौलांवर पाऊस एवढा कोसळायचा की एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं, आणि आम्ही ओरडून इस्तंबूलच्या गोष्टी करायचो. भाताशी बोलायची माझी सवय सुटली. माझ्या आयुष्यातला तेवढाच काळ मी कुणाला बदलून देणार नाही.

भाद्रपदात मला ताप भरला. हिवताप तिथं सगळ्यांनाच यायचा, पण हा उतरेना. उतरला तेव्हा पोटात डाव्या बाजूला पानथरी, म्हणजे प्लीहा, एवढी वाढली होती की हाताला दगड लागावा. त्यानं माझी फार सेवा केली. कोयनेल पाजलं, गोधड्या घातल्या, मी बरळलो ते ऐकून घेतलं. दिवाळीनंतर दोघांचेही पासपोर्ट आले आणि त्याच आठवड्यात मी लोंढ्याच्या डॉक्टरला पोट दाखवलं. त्यानं विचारलं, सायकलवर बसतोस? मी म्हटलं, विलायतेपर्यंत बसणार आहे. तो हसला नाही. म्हणाला, ही पानथरी घेऊन एखाद्या खड्ड्यात आपटलास तर ती पोटातच फुटेल आणि तू वाटेतच संपशील.

मित्र म्हणाला, मग मी बी जात न्हाई. हे तो खरंच म्हणाला, दोनदा म्हणाला. पण बोलताना त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या सायकलकडं गेली. मी त्याला झापलं. म्हटलं, एवढा गाजावाजा करून आता बसतोस काय बांगड्या भरून? शेवटी ठरलं असं की त्यानं पुढं जावं, बसऱ्यात काहीतरी कामधंदा बघून थांबावं, मी बरा झालो की मागनं यावं आणि तिथनं दोघांनी मिळून निघावं. त्यानं माझ्या खोलीतलं आपलं बोचकं उचललं, सायकल गाडीच्या ब्रेकच्या डब्यात चढवली. मावशी स्टेशनात आली होती, पण निघालेल्या माणसाला हटकायचं नाही म्हणून लांब पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिली. गाडी हलताना त्यानं मला विचारलं, "येशील न्हवं?"

"येतो की," मी म्हटलं.

मुंबईहून एक कार्ड आलं, मग बसऱ्याहून कार्डं यायला लागली. गोदीतल्या कारखान्यात काम धरलंय, उकाडा फार आहे, तू ये. पानथरी जराशी उतरायची आणि पावसाळा आला की ताप पुन्हा तिला फुगवून जायचा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी दर कार्डाला उत्तर लिहायचो की पुढच्या थंडीत नक्की. असा तो फार दिवस थांबला. शेवटी लिहिलं की इथं दोन सायकलवाले भेटलेत, त्यांच्यासंगं बगदादपर्यंत जातो, तिथं तुझी वाट बघतो. त्यानंतर कार्ड आलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत वर्ष गेलं, मग आणखी गेली. बसरा पाहिलेला तो गाडीवान म्हणायचा, तो मुलूख मोठा हाय, माणूस कुठं बी रमतो. मी मान हलवायचो. स्टेशनमास्तरांच्या ओळखीनं कुठंकुठं विचारून पाहिलं, थांग लागला नाही.

मी पुन्हा भाताशी बोलायला लागलो. पूर्वी एकटा होतो तेव्हा एवढं जाणवत नव्हतं. एकदा सोबतीची चव लागल्यावर एकटं राहणं म्हणजे शिक्षाच. डेपोतली टवाळ मंडळी विचारायची, "काय कारकून, विलायतेहनं कवा आलासा?" पहिल्यांदा मी अंगावर धावून जायचो. मग तेही सोडून दिलं.

रविवारी मी मावशीकडं जायचो. ती मला ओसरीवर बसवायची, आत घ्यायची नाही. मी तिच्या लेखी निघालेला माणूस होतो, आणि माझं बोचकं अजून तिच्या कोनाड्यात होतं. एकदा म्हटलं, मावशी, द्या ते इकडं, घेऊन जातो घरला. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी चोरी करायला आलोय. जाऊन आल्याबिगर ते घरात न्यायचं नसतंय, म्हणाली, आणि विषय संपवला. मुलाचं नाव आम्ही दोघंही काढत नव्हतो. नाचणी कशी झाली, गव्यांनी कुणाचं शेत खाल्लं, एवढंच बोलायचो आणि मी उठायचो.

मग एका सकाळी ती डेपोत आली. ओंडक्यांच्या गाडीवर मागं बसून, मांडीवर माझं बोचकं घेऊन. घामाघूम झालेली, पण चेहरा कशाचा तरी उलगडा झाल्यासारखा. म्हणाली, "तुझं प्रस्थान उलटं पडलं, लेका."

मला काही कळेना. तिनं समजावून सांगितलं. प्रस्थान ज्या दिशेला जायचं त्या दिशेला ठेवायचं असतं. त्यांच्या वाडीहून माझी खोली मावळतीला, म्हणून त्याचं नीट पडलं आणि तो गेला. माझं मात्र माझ्या खोलीहून उगवतीला, त्यांच्या वाडीवर. जायचं मावळतीला आणि बोचकं उगवतीला! रात्रंदिवस विचार करकरून तिला हे सुचलं होतं. मला आधी हसू आलं आणि लगेच रागही आला. म्हटलं, मावशी, मला पानथरीनं अडवलं, दिशेनं नव्हे. डॉक्टरानं सांगितलंय.

"डाक्टराला काय ठावं?" ती म्हणाली. "दोघं एका मुहूर्तावर निघालासा. तुझं अडकलं म्हणून त्याचं येणं अडकलंय."

इतकी वर्षं ती हे उरात धरून बसली होती, आणि आता तिला वाट सापडली होती. तिनं मला विचारलंसुद्धा नाही. रेल्वेफाटकाच्या पलीकडं, मावळतीच्या अंगाला फाटकवाल्याचं खोपट होतं. तिथं तिनं बोचकं नेऊन ठेवलं आणि मला म्हणाली, आता जा. मी म्हटलं, कुठं? म्हणाली, "जिथं दुसऱ्याचं राज्य लागतंय तिथवर. पाय टेक आन् ये."

दुसऱ्याचं राज्य आमच्यापासून लांब नव्हतंच. अनमोडचा घाट उतरायला लागलं की फिरंग्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा मुलूख. रोज मिठाच्या नि नारळाच्या गाड्या तिकडनं यायच्या. एवढा जवळ परदेश असताना आम्ही तुर्कस्तानला जायला निघालो होतो. मी रजा टाकली, सायकलला तेल घातलं, बोचकं मागं बांधलं आणि निघालो. मावशी फाटकवाल्याच्या बायकोकडं राहिली. निघताना तिनं मलाही हटकलं नाही.

चढाला मी सायकल हातात धरून चालायचो, उताराला पोट सांभाळत ब्रेक दाबून बसायचो. पुढं कुणी नव्हतं, मागं कुणी नव्हतं. वाटेत एका झऱ्याशी भाकरी खाल्ली आणि सवयीनं अर्धी बाजूला काढून ठेवली. मग ती उचलून मीच खाल्ली. अनमोडला रात्र काढून सकाळी हद्दीच्या दगडापाशी पोचलो. पलीकडं टोपीवाला शिपाई होता. त्यानं कोकणीत विचारलं, काय आणलंस? मी म्हटलं, काही नाही. मग कशाला आलास? मी म्हटलं, पाय टेकायला. त्यानं माझ्याकडं, सायकलकडं, बोचक्याकडं बघितलं आणि टेक म्हणून हात केला. मी दगड ओलांडून पलीकडं उभा राहिलो. तीच झाडं, तीच लाल माती, तेच मुंगळे. मी मोठ्यानं म्हटलं, "आलो बघ." शिपायाला वाटलं त्यालाच म्हणतोय, त्यानं मान डोलावली. मला तिथं एवढं एकटं वाटलं की तसं डेपोतल्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं. सायकल वळवून मी परत निघालो.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना तिनईघाटला आलो. मावशी फाटकापाशी उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचे दोन तुकडे. लांबून आलेल्या माणसावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकतात, वाटेवरची बाधा वाटेवरच राहावी म्हणून. मी सायकलवरनं उतरलो. ती माझ्याकडं बघतच नव्हती. माझ्या मागं, मी आलो त्या वाटेकडं बघत होती. पार वळणापर्यंत. मीही मागं वळून पाहिलं. ओंडक्यांची एक गाडी येत होती, तेवढीच.

तिनं एक तुकडा माझ्यावरनं ओवाळला, वाटेच्या पलीकडं फेकला आणि माझ्या पायावर पाणी घातलं. दुसरा तुकडा मुठीत धरून ती उभीच राहिली. गाडी आली, फाटक ओलांडून गेली. दिवस मावळायला टेकला तेव्हा ती माझ्याकडं वळली आणि तो दुसरा तुकडाही माझ्या डोक्यावरनं उतरायला लागली. तिचा मुलगा व्हायची मला हौस नव्हती. मला तो परत यायला हवा होता. मी तिचा हात धरला.

"तो ठेवा, मावशी," मी म्हटलं. "त्याचा हाय तो."

"ठेवून काय करू?" ती म्हणाली. "शिळा हुतोय."

आणि तिनं माझा हात बाजूला करून तो तुकडा माझ्यावरनं ओवाळला आणि वाटेपलीकडं टाकून दिला.